सायकलच्या फ्रेमचे माप कसे निवडावे?

वजन, मधुमेह किंवा रक्तदाबासाठी डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली. पण महिन्याभरात गुडघा दुखू लागला आणि सायकल जिन्याखाली गेली. असे अनेकांचे होते. पुष्कळदा दोष गुडघ्याचा नसून सायकलच्या मापाचा असतो. सीट व हँडल थोडे वर-खाली करता येतात, फ्रेम मात्र बदलता येत नाही. म्हणून माप खरेदीपूर्वीच घ्यावे.

चाकाचे माप म्हणजे फ्रेमचे माप नव्हे
दुकानात '२६ ची' किंवा '२९ ची' सायकल म्हणतात, तेव्हा तो आकडा चाकाचा असतो. फ्रेमचे माप म्हणजे पॅडलच्या मधल्या धुरीपासून सीटखालच्या उभ्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची लांबी. ते सेंटीमीटर, इंच किंवा एस, एम, एल या अक्षरांत दिलेले असते.

घरी माप कसे घ्यावे?
१. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. पावलांत १५ ते २० सेंमी अंतर ठेवा.
२. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन्ही पायांमध्ये आडवे धरून जांघेपर्यंत घट्ट वर न्या.
३. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाला मोजायला सांगा.

सारख्या उंचीच्या दोन व्यक्तींच्या पायांची लांबी वेगळी असू शकते, म्हणून केवळ उंचीवर जाऊ नका.

अंदाजे हिशोब
• रोड सायकल: पायाची लांबी (सेंमी) × ०.६७ = फ्रेम सेंमीमध्ये
• डोंगरी सायकल: पायाची लांबी (सेंमी) × ०.२२५ = फ्रेम इंचांमध्ये

उदाहरणार्थ, लांबी ७८ सेंमी असल्यास रोड सायकल सुमारे ५२ सेंमी आणि डोंगरी सायकल साधारण १७ ते १८ इंच. कंपनीनुसार मापे बदलतात, म्हणून तिचा तक्ता पाहा आणि सायकल चालवून बघा. दांडीवर दोन्ही पाय टाकून उभे राहिल्यावर जांघ व दांडी यांत किमान २-३ सेंमी, डोंगरी सायकलला ५ सेंमी किंवा जास्त जागा हवी. नाहीतर अचानक थांबताना नाजूक जागी मार बसतो.

सीटची उंची
सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हावा. मग चवडा पॅडलवर ठेवल्यावर गुडघा किंचित, साधारण २५ ते ३५ अंश, वाकलेला राहतो.

दुखणे काय सांगते?
• गुडघ्याच्या पुढे दुखणे: सीट फार खाली असू शकते.
• गुडघ्याच्या मागे दुखणे: सीट फार उंच असू शकते.
• कंबर, मान दुखणे: हँडल फार लांब, फ्रेम मोठी असण्याची शक्यता.
• करंगळी व अनामिकेला मुंग्या: तळहातावर भार पडून नस दाबली जाते.
• जांघेत बधिरपणा: सीटचे टोक वर झुकलेले किंवा सीट जास्त उंच.

मुले आणि ज्येष्ठ
'वाढते अंग आहे' म्हणून मुलाला मोठी सायकल घेऊ नका. तोल गेल्यावर पाय जमिनीला टेकले नाहीत, तर पडणे ठरलेले. शिकणाऱ्या मुलाची दोन्ही पावले सीटवर बसून जमिनीवर टेकायला हवीत. खुब्यात किंवा गुडघ्यात ताठरपणा असलेल्या ज्येष्ठांना मधली दांडी नसलेली सायकल सोयीची. पाय उंच उचलावा लागत नाही. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर सर्जनच्या परवानगीनंतरच आणि आधी एका जागी स्थिर असलेल्या व्यायामाच्या सायकलवर सुरुवात करा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?
माप व सीट दुरुस्त करूनही दुखणे दोन-तीन आठवडे टिकले, गुडघा सुजला किंवा अडकू लागला, बधिरपणा सायकल थांबवल्यावरही गेला नाही, तर तपासणी करून घ्या. सायकल चालवताना छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर ती मापाची बाब नाही. लगेच थांबा आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्या.