अंतरपाट आणि दर्शनी पडदा

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या दिशेने निघाली, की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन नगरे एकापाठोपाठ येतात. या पट्ट्यात लग्न हा घरगुती सोहळा असतो, तितकाच तो बाजारपेठेचा आधारही असतो. बस्ता बांधायला दूरदूरची कुटुंबे उल्हासनगरच्या कापडबाजारात येतात, संसाराचे फर्निचरही पुष्कळदा तिथूनच नेतात. मंगल कार्यालये आणि मोकळी मैदाने मुहूर्ताच्या दिवसांत गजबजलेली असतात. अलीकडे या बाजारात एक नवा जिन्नस आला आहे. लग्नाला एखादा 'विषय' द्यायचा, म्हणजे रूढ भाषेत 'थीम' ठेवायची. त्यांतली एक थीम जुन्या नाटकाची असते. पत्रिका जुन्या हस्तपत्रिकेच्या धर्तीवर छापायची, व्यासपीठाला मखमली पडदा लावायचा, मुहूर्ताआधी तिसरी घंटा वाजवायची, आणि वधूने बालगंधर्वांच्या छायाचित्रांतल्याप्रमाणे नऊवारी, नथ आणि गजरा ल्यायचा.

या हौसेला नावे ठेवण्याचा आमचा विचार नाही. हौस ही लग्नाची जुनी सोबतीण आहे. परंतु ज्या रंगभूमीची ही सजावट, ती स्वतः लग्नाविषयी काय सांगत होती, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. कारण मराठी रंगभूमीचा आणि लग्नाचा संबंध सजावटकारांच्या कल्पनेहून कितीतरी जुना आणि कितीतरी तणावाचा आहे.

साम्ये तर उघड्या डोळ्यांना दिसणारी आहेत. नाटकाच्या आरंभी नांदी होते. लग्नाच्या आरंभी नांदीश्राद्ध होते. नाटकाला दर्शनी पडदा, लग्नाला अंतरपाट. पडदा वर जाण्याचा आणि अंतरपाट दूर होण्याचा क्षण दोन्हीकडे अगोदर ठरलेला असतो, आणि त्या क्षणाआधी सर्वांची नजर एकाच कापडावर खिळलेली असते. दोन्हीकडे वाद्ये असतात, रंगभूषा असते, उसनी किंवा विकत घेतलेली वस्त्रे असतात, आणि समोर बसलेला समाज असतो. त्या समाजाच्या साक्षीनेच घडणाऱ्या गोष्टीला अर्थ येतो.

याहून लक्षणीय गोष्ट अशी, की मराठी रंगभूमीचा परंपरेने मानलेला पहिला खेळच एका लग्नाचा होता. १८४३ साली सांगलीत, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले. सूत्रधार पदे म्हणे, विदूषक हसवी, गणपती आणि सरस्वती रंगभूमीवर येऊन आशीर्वाद देत, आणि मग कथानक सुरू होई. पुढे १८५३ साली भाव्यांच्या मंडळीने मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले. त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, आणि १८५६ पर्यंत लोहमार्ग बदलापूर ओलांडून पळसदरीला पोचला. नाटकमंडळ्यांचे पेटारे पुढे पुण्या-मुंबईच्या दरम्यान याच वाटेने ये-जा करू लागले.

स्वयंवर हा शब्द ऐकताना वधूची निवड डोळ्यांपुढे येते. परंतु सीतेच्या कथेत निवड करते ते जनकाचे धनुष्य. पण पित्याचा, पराक्रम वराचा, आणि वधूच्या हाती फक्त माळ. पुढच्या पाऊणशे वर्षांत मराठी नाटककारांनी लग्नाचा विषय पुनःपुन्हा हाती घेतला, आणि प्रत्येक वेळी त्या माळेमागच्या हाताकडे थोडे अधिक लक्ष दिले, असे आम्हांस वाटते.

१८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आले. वरवर पाहता हे पौराणिक, प्रसन्न, गाण्यांनी भरलेले नाटक. पण त्याचा गाभा कोणत्याही मध्यमवर्गीय घराला ओळखीचा वाटावा असा आहे. थोरला भाऊ बलराम बहिणीला दुर्योधनाला देऊ पाहतो, बहिणीचे मन अर्जुनावर असते, आणि धाकटा भाऊ कृष्ण वडीलधाऱ्यांचा उघड अवमान न करता बहिणीच्या मनासारखे घडवून आणतो. प्रेक्षक हसत-गात घरी गेले. परंतु सुभद्रेचे मन विचारात घेतले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न त्या हसण्याखाली होता.

हा प्रश्न त्या दशकात केवळ पौराणिक राहिला नाही. १८८४ साली मुंबईत दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाई आपल्या घरी नांदायला येत नाही म्हणून न्यायालयात दावा लावला. अकराव्या वर्षी झालेले लग्न आपल्या संमतीचे नव्हते, असे रखमाबाईंचे म्हणणे. १८८७ साली न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा असा निर्णय दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली, आणि पुढे त्या इंग्लंडात वैद्यकशास्त्र शिकून डॉक्टर झाल्या. १८९१ सालच्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, हे सर्वश्रुत आहे. कायद्याने वयोमर्यादा दहावरून बारावर नेली, इतकेच. परंतु लग्न ही घराची खाजगी बाब की समाजाची, हा वाद त्या निमित्ताने उघड्यावर आला.

१८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांनी 'संगीत शारदा' लिहून या वादाला रंगभूमीवर आणले. येथे देव नाहीत, राजे नाहीत. कांचनभट हा पिता पैशाच्या लोभाने आपल्या कोवळ्या मुलीला भुजंगनाथ या धनाढ्य म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो, भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो, आणि कोदंड हा तरुण हे लग्न मोडायला उभा राहतो. ज्या मंडपात मंगलाष्टकांचे सूर ऐकायचे, त्या मंडपातच लग्न अडवले जाते, हे त्या काळच्या प्रेक्षकाला किती हादरवणारे असेल! बोहल्यावरून पळून जाणाऱ्या रामदासांची कथा मराठी माणसाला तोंडपाठ आहे. 'सावधान' हा शब्द ऐकला आणि नवरदेव अंतरपाटाआडून निसटला. पण ती वाट वराला मोकळी होती. शारदेला पळून जायला दिशाच नव्हती. देवलांनी आपल्या समाजाला दाखवले ते हे.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा जो कायदा झाला, त्याला बोलीत 'शारदा कायदा' म्हणतात, आणि पुष्कळांना ते नाव देवलांच्या नायिकेवरून पडले असे वाटते. वस्तुतः ते विधेयक आणणारे अजमेरचे हरबिलास सारडा यांचे नाव त्याला चिकटले. त्या कायद्याने मुलीचे वय चौदा, मुलाचे अठरा ठरवले. नामसाम्य योगायोगाचे आहे. पण हा गैरसमज मराठी मनात इतका सहज रुजला, यातच त्या नाटकाच्या प्रभावाची पावती आहे.

मग कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आले. 'मानापमान' (१९११) मधली भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला प्रथम नाकारते आणि मग वेष पालटून त्याची पारख करते. धन मोठे की शौर्य, या वादात निवड करणारी ती आहे. 'स्वयंवर' (१९१६) मधली रुक्मिणी भावाने ठरवलेला शिशुपाल नाकारून आपणहून कृष्णाला वरते. सांगलीच्या सीतेपासून या रुक्मिणीपर्यंत ७३ वर्षांचे अंतर आहे. या काळात रंगभूमीवरचे स्वयंवर हळूहळू आपल्या नावाला जागू लागले.

एक विसंगती मात्र डोळ्यांआड करता येत नाही. सुभद्रा भाऊराव कोल्हटकर रंगवीत. भामिनी आणि रुक्मिणी बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. स्त्रीच्या निवडीचा पुरस्कार करणाऱ्या प्रतिष्ठित संगीत रंगभूमीवर स्त्रीलाच जागा नव्हती. स्त्रियांच्या नाटकमंडळ्या एकोणिसाव्या शतकातही होऊन गेल्या, पण त्यांच्याकडे पांढरपेशा समाज तुच्छतेने पाहत असे. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगभूमीवर उभ्या राहिल्या, १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' मध्ये स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या, तेव्हा कोठे ही कोंडी फुटू लागली. बालगंधर्वांचे पातळ, त्यांचा खोपा, त्यांची नथ पाहून घरोघरच्या स्त्रिया तशा नटू लागल्या, हे खरे आहे. म्हणजे आजची वधू जेव्हा 'गंधर्व पद्धतीचा' साज करते, तेव्हा एका पुरुषाने केलेल्या स्त्रीच्या चित्राची ती नक्कल करीत असते. यात लाजण्यासारखे काही नाही. ते चित्र अपूर्व सुंदर होते. मात्र त्या चित्रात नसलेली एक गोष्ट आजच्या वधूपाशी आहे, आणि ती म्हणजे तिचा स्वतःचा आवाज.

त्या वैभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीने उंची शालू, गालिचे, अत्तरे यांवर हात राखून कधी खर्च केला नाही. प्रेक्षक दिपून गेले, आणि कंपनी कर्जात बुडाली. डोळे दिपवण्यासाठी कर्ज काढण्याची ही परंपरा रंगभूमीवरून कार्यालयात आली की कार्यालयातून रंगभूमीवर गेली, हे सांगणे अवघड आहे. रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या या तीन नगरांतल्या कुटुंबांना त्या कर्जाची ओळख नव्याने करून द्यायला नको.

आणि उल्हासनगरच्या बाबतीत तर हा धागा आणखी एका दिशेने जातो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिथे उल्हासनगर वसले. आजही जुने रहिवासी त्याला 'कॅम्प' म्हणतात. या लोकांनी बरोबर आणली लग्नात गायची 'लाडा' गीते, आणि बरोबर आणला एका झगड्याचा वारसाही. हुंड्याच्या देवघेवीला सिंधीत 'देती-लेती' म्हणतात. तिच्या जाचाविरुद्ध सिंध प्रांताने १९३९ साली कायदा केला, म्हणजे देशभरच्या हुंडाबंदी कायद्याच्या (१९६१) बावीस वर्षे आधी. देवलांच्या नाटकात वधूपिता पैसे घेतो, सिंधच्या देती-लेतीत वधूपिता पैसे देतो. दिशा उलट, पण दोन्हीकडे मुलगी हा सौद्याचा विषय. ज्या बाजारात आज नाट्यविषयक लग्नाचे मखमल आणि जरी विकत घेतली जाते, त्या बाजाराच्या भूमीवर हे दोन्ही इतिहास शेजारी नांदत आहेत.

यातून आम्हांला सुचते ते एवढेच. जुन्या नाटकाची हौस करायची, तर पडद्याबरोबर त्यातला प्रश्नही घरी आणावा. हे लग्न कोणी ठरवले, कोणाच्या पैशाने होत आहे, आणि ज्यांचे आहे त्यांनी मनापासून हो म्हटले आहे काय, हे प्रश्न किर्लोस्कर, देवल आणि खाडिलकर यांनी आपापल्या परीने प्रेक्षकांना विचारले होते. हस्तपत्रिकेच्या धर्तीची पत्रिका छापणाऱ्या जोडप्याने घरच्यांबरोबर बसून ती उत्तरे आधी काढली असतील, तर मखमल महाग असो वा स्वस्त, लग्न शोभून दिसेल. अंतरपाटाला तसे काहीच मोल पडत नाही. घरातले एखादे धुतलेले पांढरे कापड पुरते, त्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले की झाले, आणि ते धरायला दोन माणसे लागतात. ते दूर होईल तेव्हा समोर कोण उभे आहे, हे दोघांनाही आधीपासून ठाऊक असावे आणि हवेसे असावे. शारदेच्या वाट्याला हे भाग्य मंडप मोडल्यावाचून आले नाही.