दोन किल्ल्यांचं कुलूप आणि मराठा पलटणीचा जनरल

जानेवारी 1993. क्रोएशियातल्या सर्बबहुल भागात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेनं शस्त्रांची गोदामं केली होती. तोफा, मशिनगन, दारूगोळा सगळं आत. दाराला दुहेरी कुलूप: एक किल्ली शांतिसेनेकडे, दुसरी तिथल्या सर्ब प्रशासनाकडे. दोघं आल्याशिवाय दार उघडणार नाही, असा करार. 22 जानेवारीला क्रोएशियाच्या सैन्यानं मास्लेनिका भागात हल्ला केला. सर्ब गोदामांवर धावून गेले, कुलपं तोडली, शस्त्रं उचलली आणि लढायला निघाले. शांतिसैनिक बघत राहिले. त्यांच्याकडे हलकी हत्यारं होती आणि स्वसंरक्षणापलीकडे गोळी चालवायची परवानगी नव्हती.

या शांतिसेनेचा प्रमुख कोण होता, हे आपल्याकडे फार लोकांना माहीत नाही. लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. जन्म मुंबईचा, पलटण मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे बेळगाव केंद्रवाली. 1971 च्या युद्धात वीर चक्र. मार्च 1992 ते मार्च 1993 या वर्षात युगोस्लाव्हियातल्या शांतिसेनेचे ते पहिले सेनापती होते. गंमत बघा, भारताची पलटण तिथे नव्हती. जनरल आपला, फौज बाकीच्या देशांची. मुख्यालय आधी सारायेवोत टाकलं, कारण ते शांत शहर वाटलं. महिनाभरात त्याच सारायेवोला वेढा पडला आणि मुख्यालयालाच गाशा गुंडाळावा लागला.

आता मूळ मुद्दा, शस्त्रबंदीचा.

25 सप्टेंबर 1991 ला सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक 713 एकमतानं पास केला: युगोस्लाव्हियाला कोणीही शस्त्रं विकायची नाहीत. तेव्हा भारत परिषदेचा सदस्य होता, म्हणजे आपलंही मत त्यात आहे. कागदावर वाचलं तर यात चूक काय? यादवी पेटली आहे, तेल ओतू नका. कोणीही शहाणा माणूस हो म्हणेल.

पण शस्त्रं आधीच कोणाच्या घरात होती, हे त्या ठरावानं विचारलं नाही. युगोस्लाव्हियाचं सैन्य युरोपातल्या मोठ्या सैन्यांत मोजलं जायचं, आणि देश फुटला तेव्हा त्याची सूत्रं बेलग्रेडच्या, म्हणजे सर्बियाच्या हाती होती. मे 1992 मध्ये हे सैन्य बोस्नियातून 'परत गेलं'. गेलं म्हणजे काय, तर बोस्नियातले सर्ब सैनिक तोफा-रणगाड्यांसकट तिथेच राहिले, वर्दीवरची खूण बदलली आणि सेनापती झाला रात्को म्लाडिच. दुसरीकडे बोस्नियाचं सरकार. 22 मे 1992 ला ते संयुक्त राष्ट्रांचं सदस्य झालं, जगानं त्याला देश मानलं, पण तो देश जन्मला तेव्हा बंदी आधीच लागू होती. एकाची कोठी भरलेली, दुसऱ्याची रिकामी, आणि वरून हुकूम: आता दोघांनीही बाजारात जायचं नाही. याला निःपक्षपात म्हणायचं का?

कोणी म्हणेल, बोस्नियात कारखाने होते की. होते. मार्शल टिटोंनी शस्त्रांचे कारखाने मुद्दाम डोंगराळ मध्य बोस्नियात टाकले होते, सीमेपासून लांब. आपलं अंबाझरी, भंडारा, भद्रावती देशाच्या पोटात आहेत, तोच हिशोब. पण कारखान्याला माल लागतो, वीज लागते, सुटे भाग लागतात, आणि रस्ते तर तुटलेले.

बंदीची अंमलबजावणी मात्र जोरात झाली, तीही समुद्रावर. अॅड्रियाटिकमध्ये नाटो आणि पश्चिम युरोपच्या युद्धनौका उभ्या राहिल्या. जून 1993 पासून 1996 पर्यंत सुमारे 74,000 जहाजांना हटकलं, जवळपास 6,000 जहाजांवर चढून तपासणी केली. तरी शस्त्रं गेलीच. इराणहून क्रोएशियामार्गे बोस्नियात माल जात होता आणि क्रोएशिया त्यातून आपला वाटा काढून घेत होता. अमेरिकेला माहीत होतं, तिनं डोळेझाक केली. पुढे 1996 मध्ये यावरून वॉशिंग्टनमध्ये मोठा गदारोळ झाला. नोव्हेंबर 1994 मध्ये तर अमेरिकेनं बोस्नियापुरती ही बंदी राबवणंच सोडलं. म्हणजे एकाच ताफ्यातल्या काही बोटी अडवणार आणि काही बघून न बघितल्यासारखं करणार.

जून 1993 मध्ये बोस्नियावरची बंदी उठवण्याचा ठराव आला होता. बाजूनं 6 मतं, विरोधात एकही नाही, 9 तटस्थ. ठराव पडला. ब्रिटन-फ्रान्सचं म्हणणं होतं, आमचे सैनिक तिथे उभे आहेत, शस्त्रं वाढली तर ते मरतील. हे म्हणणं खोटं नव्हतं. पण जुलै 1995 मध्ये 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर केलेल्या स्रेब्रेनित्सात डच शांतिसैनिकांच्या देखत गाव पडलं आणि 8,000 हून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. बंदी उठवायचा निर्णय आला नोव्हेंबर 1995 मध्ये, शांतता करार झाल्यावर.

स्रेब्रेनित्साच्या दोन वर्षं आधीच नंबियार परतले होते. मुदतवाढ त्यांनी घेतली नाही. त्यांचं मत माझ्यापेक्षा वेगळं आहे, हे सांगायलाच हवं. सर्ब तेवढे वाईट आणि बाकी सगळे चांगले, हे चित्र त्यांना मान्य नव्हतं. 1999 मध्ये नाटोनं सर्बियावर बॉम्ब टाकले तेव्हा त्यांनी उघड टीका केली. मास्लेनिकाचा हल्ला क्रोएशियानं केला होता, हे बघता त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. शस्त्रबंदीबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे.

हे सगळं नागपुरात बसून का लिहितोय? कारण आता आपण विकणाऱ्यांच्या रांगेत आहोत. 2024-25 मध्ये देशाची संरक्षण निर्यात 23,622 कोटी रुपयांची झाली. सरकारी तोफगोळे बनवणाऱ्या 'यंत्र इंडिया'चं मुख्यालय आपल्या अंबाझरीत आहे, आणि स्फोटकांचे खाजगी कारखाने अमरावती रोडवर आहेत. माल विकताना खरेदीदार लिहून देतो की तो दुसऱ्याला देणार नाही. सप्टेंबर 2024 मध्ये रॉयटर्सनं बातमी दिली की युरोपात विकलेले भारतीय तोफगोळे युक्रेनला पोचले. परराष्ट्र खात्यानं ती बातमी तर्कावर आधारलेली आणि दिशाभूल करणारी म्हटली. युक्रेनवर बंदी नाही, प्रकरण वेगळं आहे. पण लिहून दिलेला कागद पाळला जातो की नाही, हे तिकडे जाऊन कोण तपासतं? पुढच्या वेळी आपल्या खासदारांना भेटाल तेव्हा निर्यातीच्या आकड्यासोबत हेही विचारा. मी विचारणार आहे, उत्तर मिळालं तर इथेच टाकतो.