माहितीचा अर्ज जुबैलमधून करता येतो. जागल्याचे संरक्षण मात्र अपुरेच

जुबैलच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांचा जीव गावाकडच्या कागदपत्रांत अडकलेला असतो. पुण्याजवळ घेतलेला भूखंड, सातबाऱ्यावरील फेरफार, वृद्ध आईवडिलांच्या सोसायटीची बांधकाम परवानगी, रखडलेले अनुदान अशी प्रकरणे दूर राहून हाताळावी लागतात. अशा वेळी माहितीचा अधिकार हे हाताशी असलेले कायदेशीर साधन ठरते. ते कसे वापरावे आणि त्यातील धोका कोणाच्या वाट्याला येतो, याची ही माहिती.

कायद्याची वाटचाल

महाराष्ट्राचा स्वतंत्र माहिती अधिकार अधिनियम २००२ चा. त्याच्या अंमलबजावणीसाठी अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईत आझाद मैदानावर उपोषण केले होते. पुढे केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्णपणे लागू झाला. कलम ३ नुसार हा अधिकार भारतीय नागरिकाचा आहे. त्यामुळे सौदीत राहणारा भारतीय पारपत्रधारक अर्ज करू शकतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डधारकाला मात्र हा अधिकार नाही.

अर्जाची पद्धत

केंद्रीय मंत्रालये व बहुतेक केंद्रीय कार्यालयांसाठी केंद्र सरकारचे ऑनलाइन पोर्टल आहे. परदेशस्थ नागरिकांना १० रुपयांचे शुल्क भरता यावे म्हणून टपाल खात्याने २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पोस्टल ऑर्डरची सोय केली; ती केंद्रीय कार्यालयांपुरतीच आहे. जिल्हाधिकारी कार्यालयासारख्या राज्याच्या यंत्रणेसाठी महाराष्ट्र शासनाचे स्वतंत्र पोर्टल पाहावे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणतः १५० शब्दांच्या आत असावा लागतो. रियाधचा भारतीय दूतावासही सार्वजनिक प्राधिकरण असल्याने त्याच्याकडील अभिलेख मागता येतात.

कलम ६(२) प्रमाणे माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन नाही. उत्तराची मुदत ३० दिवसांची. प्रश्न जीविताचा वा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांची. उत्तर न मिळाल्यास किंवा असमाधानकारक वाटल्यास ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. दोषी माहिती अधिकाऱ्याला दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

व्यक्तिगत माहितीसंबंधीचे कलम ८(१)(जे) २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने बदलले असून तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. या कारणाने अर्ज फेटाळला गेल्यास अपिलात कलम ८(२) मधील व्यापक जनहिताचा आधार घ्यावा.

तळेगावची किंमत

माहिती मागणारा सुरक्षित असतोच असे नाही. मावळ तालुक्यातील जमीन गैरव्यवहार उघडकीस आणणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे सकाळी फिरावयास गेले असता हत्या झाली. त्यांनी त्याआधीच पोलीस संरक्षण मागितले होते. तपास पुढे सीबीआयकडे गेला आणि २०१४ मध्ये तो बंद करण्याचा अहवाल सादर झाला.

गावगाड्यात रात्रीची राखण करणाऱ्या जागल्याचे नाव मराठीने गैरप्रकार उघड करणाऱ्याला दिले आहे. त्याच्या संरक्षणाचा इतिहासही एका हत्येपासून सुरू होतो. सुवर्ण चतुष्कोण महामार्गातील गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयाला कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ती पाळली गेली नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची हत्या झाली. त्यानंतर २१ एप्रिल २००४ च्या ठरावाने केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी घेण्याचा अधिकार मिळाला. तक्रार बंद पाकिटातून, पाकिटावर पीआयडीपीआय असा उल्लेख करून पाठवावी. नाव-पत्ता पाकिटावर नव्हे, आतील पत्रात लिहावा. निनावी तक्रार स्वीकारली जात नाही. ही सोय केंद्रीय कर्मचारी व केंद्रीय उपक्रमांसंबंधीच्या तक्रारींपुरती आहे.

तहसीलदार वा नगरपालिकेविरुद्धच्या तक्रारदारालाही आधार देऊ शकणारा जागल्या संरक्षण कायदा संसदेने संमत केला आणि मे २०१४ मध्ये त्याला राष्ट्रपतींची मान्यताही मिळाली. तो अद्याप अमलात आणलेला नाही. माहिती मागण्याचा हक्क आहे, पण ती मागितल्यामुळे संकटात आलेल्या माणसाला त्या कायद्याचे कवच नाही.

अर्जदाराने घ्यायची काळजी

परदेशातून केलेल्या अर्जावर गावचा पत्ता दिला, तर जाब विचारायला येणारा माणूस आईवडिलांच्या दारात उभा राहतो. कोलकाता उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये अर्जदाराला टपालपेटी क्रमांक देण्याची मुभा मान्य केली आहे. अर्जदाराचे वैयक्तिक तपशील संकेतस्थळावर टाकल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये केंद्रीय मंत्रालयाला २५,००० रुपये देण्यास सांगितले होते. प्रकरण संवेदनशील असेल तर एकट्याने अर्ज करू नये. वेगवेगळ्या गावांतील अनेकांनी तीच माहिती मागावी, म्हणजे रोष एकाच घरावर येत नाही.

सौदीतील चौकट

येथील गैरप्रकाराची तक्रार भारतीय कायद्याने करता येत नाही. भ्रष्टाचाराविरुद्ध 'नझाहा' ही संस्था असून तिचा दूरध्वनी क्रमांक ९८० आहे. तक्रारदार, साक्षीदार, तज्ज्ञ व पीडितांच्या संरक्षणाचा कायदा सौदीने २०२४ मध्ये केला. मात्र सायबर गुन्हेविरोधी कायद्यानुसार समाजमाध्यमांवरून केलेल्या बदनामीला एक वर्षापर्यंत कैद व पाच लाख रियालपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून आरोप समूहात पसरवण्याऐवजी पुराव्यासह अधिकृत यंत्रणेकडे न्यावा. तक्रारीपूर्वी नोकरीचा करार, इकामा आणि कंपनीचे गोपनीयतेचे नियम जाणकार वकिलाकडून तपासून घ्यावेत.