शपथपत्राची शेवटची ओळ

दिल्लीत बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याला एका कागदाशी लवकरच परिचय करून घ्यावा लागतो. तो म्हणजे शासनाच्या वतीने न्यायालयात द्यावयाचे शपथपत्र. घटनेच्या अनुच्छेद 348 मुळे सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. म्हणून मसुदाही इंग्रजीत. मजकूर आपण बारकाईने तपासतो, पण सत्यापनाची शेवटची ओळ जुन्या फाइलीतून उतरवून घेतो: ‘ट्रू टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज, इन्फर्मेशन अँड बिलीफ’. सेवेच्या आरंभी मीही तेच करीत असे.

हे तीन शब्द समानार्थी नव्हेत. मराठीत हा भेद आपण सहज पाळतो: एखादी गोष्ट मला ठाऊक असते, एखादी दुसऱ्याकडून कळते, एखादी मला वाटते. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 19, नियम 3 हेच सांगतो. शपथकर्त्याने स्वतःच्या ज्ञानातून सिद्ध करता येईल तेवढेच लिहावे. अंतरिम अर्जात समजुतीचे विधान चालते, मात्र तिचा आधार द्यावा लागतो.

या नियमाचा सर्वांत बोलका धडा मुंबई राज्यालाच मिळालेला आहे. पुरुषोत्तम जोग नाईक यांना प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली अटकेत ठेवले होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केल्यावर राज्य शासन अपिलात गेले. 1952 साली सर्वोच्च न्यायालय संसद भवनात, म्हणजे आजच्या संविधान सदनात, बसत असे. निकालपत्र न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचे. ते पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. स्थानबद्धतेचा आदेश राज्यपालांच्या नावे योग्य रीतीने काढलेला आहे, हे शासनाचे म्हणणे त्यांनी मान्य केले. पण शासनाच्या शपथपत्रावर बोट ठेवले. काही बाबी सचिवांना व्यक्तिशः ठाऊक असल्याचे मजकुरावरून दिसत होते, सत्यापनात मात्र सरसकट ‘माहिती व समजूत’ असे लिहिलेले होते. अशा ढिसाळ सत्यापनामुळे शपथपत्र फेटाळलेही जाऊ शकते, आणि गोष्ट ऐकीव असेल तर माहितीचा उगम स्पष्ट सांगावा, असे न्यायालयाने बजावले.

पुढे 1969 मध्ये ए. के. के. नंबियार या पोलीस सेवेतील अधिकाऱ्याच्या निलंबनाच्या प्रकरणात न्यायालयाने सत्यापनाचा हेतूच उलगडून सांगितला: आरोपांचा खरेपणा पारखता यावा आणि लिहिणाऱ्यावर जबाबदारी यावी. योग्य सत्यापन नसलेले शपथपत्र पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही.

कार्यालयात आपण ‘ॲफिडेव्हिट फाइल केले’ असे म्हणून मोकळे होतो. पण दाखल करतो तो वकील. शपथ घेतो तो अधिकारी. समोर कुणाचे स्वातंत्र्य असते, कुणाची नोकरी. म्हणून आता सहीपूर्वी मी प्रत्येक परिच्छेदापाशी थांबतो: हे मला ठाऊक आहे, फाइलीवरून कळले आहे, की नुसते वाटते आहे? त्याप्रमाणे परिच्छेदांचे क्रमांक सत्यापनात वेगवेगळे लिहवून घेतो. यात अर्धा तास जातो. पण ज्याच्याविरुद्ध ते शपथपत्र असते, त्याचे तेवढे देणे आपण लागतोच.