इंदूरची वैद्यकशाळा

पूर्वी आपल्या देशात गावोगाव फिरणारे वैदू पिकलेला मोतीबिंदू सुईने डोळ्यातच मागे ढकलीत. आंधळ्या म्हातारीला तत्क्षणी नातवाचे तोंड दिसे. पुढे तो डोळा सुजे आणि पुष्कळदा कायमचा जाई. तोवर वैदू पुढल्या गावी पोहोचलेला असे.

१८७८ साली इंदुरास वैद्यकशाळा निघाली. मध्य हिंदुस्थानातील संस्थानांच्या दवाखान्यांसाठी तिने शिकलेली माणसे तयार केली. तिचीच परंपरा पुढे चालवीत १९४८ साली तेथे महात्मा गांधींच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया घटकाभरात आटोपते. पण चार दिवसांनी ठणकणारा डोळा दाखवावा कोणाला? त्या वेळी जवळच्या दवाखान्यात बसलेला शिकलेला माणूसच खेड्याची दृष्टी राखतो.