गाडीवाल्याची पत्रिका

आपल्याकडे मुलाची पत्रिका मुलीचा बाप पाहतो. अमेरिकेत गाडीवाल्याची पत्रिका विमा कंपनी पाहते. तीत राहू-केतूऐवजी वेगमर्यादेचे भंग नि अपघात मांडलेले असतात. मंगळ कडक निघाला, की हप्ता वाढलाच म्हणून समजा!

१९०३ साली मॅसॅच्युसेट्स आणि मिसूरीत परवाने सुरू झाले. मागोमाग चोपड्या आल्या. सरकारी चोपडी म्हणजे सगळ्यांची, असा मामला; कित्येक राज्यांत थोडी फी भरली, की कुणाचाही पत्ता हातात!

१९८९ साली यातली गंमत संपली. रिबेका शेफर या २१ वर्षांच्या नटीचा पत्ता एका माथेफिरूने गुप्तहेरामार्फत कॅलिफोर्नियाच्या मोटार खात्यातून मिळवला आणि लॉस एंजेलिसमध्ये तिच्या दारातच तिला गोळी घातली. १९९४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून चोपडीला कुलूप घातले. साउथ कॅरोलिना कोर्टात भांडली; २००० साली सुप्रीम कोर्टात हरली.

आता स्वतःची पत्रिका अर्ज करून, फी भरून मिळते. ती जरूर मागवावी. दुसऱ्याचा मंगळ चुकून आपल्या घरात बसलेला असायचा. शेजाऱ्याची पाहायची तर मात्र कायद्यात बसणारे कारण लागते. नुसती चौकसबुद्धी चालत नाही.