बाजाराच्या वाराची कुळकथा

भिलाईत सुपेल्याचा बाजार रविवारी भरतो. बिलासपुरात बुधवारी आणि शनिचरी बाजार आहेत, नागपुरात इतवारी, आणि पुण्यात तर पेठांनाच वारांची नावं. बाजार आणि वार यांची गाठ आपल्याला आदिकाळापासूनची वाटते. पण नाशिकच्या पांडवलेण्यांतला सातवाहन राजा पुळुमावीचा लेख पाहावा. राज्यवर्ष आहे, ऋतूचा पंधरवडा आहे, दिवस आहे. वार मात्र नाही.

रोमचंही तसंच होतं. पाचव्या शतकातल्या मॅक्रोबियसचा ‘सॅटर्नेलिया’ हा लॅटिन ग्रंथ म्हणजे डिसेंबरातल्या सणाला जमलेल्या विद्वानांच्या गप्पा. त्यांत जुन्या बाजाराची हकीकत येते. शेतकरी शेतातली कामं थांबवून रोमला येत, खरेदी-विक्री करत आणि कायदे ऐकून जात. हा बाजार ‘नवव्या’ दिवशीचा. पण त्या मोजणीत मागचा बाजारही धरलेला असे. रविवार ते रविवार आपणही आठ दिवस म्हणतो, तसंच. म्हणजे फेरा आठांचा.

सातांचा फेरा आला तो ग्रहांवरून. मंद ते शीघ्र गतीने ग्रह मांडायचे: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या चोवीस होरांना याच क्रमाने एकेक ग्रह द्यायचा. पहिल्या होरेचा ग्रह त्या दिवसाचा स्वामी. चोविसाला सातांनी भागलं की तीन उरतात, म्हणून शनीपासून मोजत चौथा, रवी, दुसऱ्या दिवसावर येतो. रवीपासून चौथा चंद्र, चंद्रापासून मंगळ. आपल्या वारांचा क्रम हाच. इतका सरळ हिशेब आणि इतका दूरचा प्रवास, हे मला फार विलक्षण वाटतं.

इ. स. ३२१ मध्ये कॉन्स्टंटाइनने रविवार विश्रांतीचा ठरवला. तरी ३५४च्या रोमन दिनदर्शिकेत प्रत्येक तारखेपुढे सातांची आणि आठांची, दोन्ही अक्षरं शेजारी-शेजारी आहेत. आठांचा फेरा नंतर लोपला.

आपल्याकडे ही विद्या भाषांतरांतून आली. ग्रीक फलज्योतिष स्फुजिध्वजाच्या ‘यवनजातका’त संस्कृत श्लोकांत उतरलं, आणि त्यात वारांचाही विचार आहे. वराहमिहिराने ‘पंचसिद्धांतिके’त रोमक आणि पौलिश सिद्धांतांचा सारांश दिला, पौलिशात यवनपूर, म्हणजे अलेक्झांड्रिया, आणि उज्जैन यांच्या वेळांतला फरक सात घटका आणि वर तिसरा हिस्सा असा नोंदला आहे. सागर जिल्ह्यातल्या एरणच्या स्तंभावर तर बुधगुप्ताच्या काळातला, इ. स. ४८४चा, गुरुवार कोरलेला आहे.

मॅक्रोबियस मराठीत यायलाच हवा, आणि तोही तळटिपांसह. त्याच्या बाजाराच्या पानाखालची टीप एरणचा पत्ता देणारी असावी.